स्पर्धेआधीचे तीन आठवडे : शाळेच्या रोइंग टीमचा हुरूप कसा टिकवायचा

शाळेने रोइंगची टीम तुमच्याकडे सोपवलीय, स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय आणि मुख्याध्यापक जाता जाता म्हणालेत, "सर, पोरांना जरा मोटिव्हेट करा हं." आपल्याकडे ही वेळ बहुतेकदा पी.टी.च्या शिक्षकांवर येते, कधी एखाद्या माजी खेळाडूवर, तर कधी हौशी पालकावर. वल्हं कसं मारायचं हे शिकवायला क्लबचे कोच असतात. मुलांना घेऊन जाणं, सांभाळणं, धीर देणं हे तुमच्या वाट्याला येतं. पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

जोरदार भाषण कसं ठोकावं हे इथे सापडणार नाही. माझं मत असं की दोन हजार मीटरच्या शर्यतीत भाषणाचा असर पहिल्या दोन-तीनशे मीटरपर्यंत टिकतो आणि तेवढ्या वेळात तो बहुधा नुकसानच करून जातो. मुलांना खरा हुरूप येतो तो आपल्याला नेमकं काय करायचंय हे पक्कं ठाऊक असल्यावर. त्यामुळे खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: शर्यतीच्या दिवशी मुलांसमोर अनोळखी असं शक्य तितकं कमी उरू द्यायचं.

आधी खेळाचा स्वभाव समजून घ्या

ज्युनियर गटाची शर्यत दोन हजार मीटरची असते, सब-ज्युनियरची त्याहून कमी. ज्युनियर मुलांना बोटीच्या प्रकारानुसार आणि वाऱ्यानुसार साधारण सात ते नऊ मिनिटं लागतात. शंभर मीटर धावण्यासारखं हे डोळे मिटून संपत नाही आणि मॅरेथॉनसारखी मध्ये उसंतही मिळत नाही. दुसऱ्या मिनिटाला मांड्या पेटायला लागतात आणि तेव्हा अजून तीन चतुर्थांश अंतर बाकी असतं.

दुसरी गोष्ट नव्या माणसाच्या पटकन ध्यानात येत नाही. वल्हवणारा उलटा बसतो. पुढे असलेल्या टीमला मागच्या सगळ्या बोटी दिसतात. मागे पडलेल्या टीमला दिसतं ते रिकामं पाणी आणि समोरच्या गड्याची पाठ. प्रतिस्पर्धी किती पुढे गेलाय हे मान वळवल्याशिवाय कळत नाही, आणि मान वळवली की बोट डगमगते. म्हणजे ज्याला धीराची सगळ्यात जास्त गरज असते, त्यालाच समोर पाहून धीर यावा असं काही नसतं. रोइंगमधली मनाची तयारी मुख्यतः याच एका अडचणीसाठी करायची असते.

पायरी पहिली : बोटीत कोण बसणार हे आत्ताच जाहीर करा

टीमचं मनोधैर्य सगळ्यात जास्त कुरतडतं ते निवडीचं भिजत घोंगडं. "बघू, शेवटच्या आठवड्यात ठरवू" असं म्हणालात की मुलं एकमेकांकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहायला लागतात. कोच ज्याला अर्गो म्हणतात त्या रोइंग मशीनवरची वेळ आणि पाण्यावरची सीट रेस, म्हणजे दोन बोटींमधल्या एकेका मुलाची अदलाबदल करून कुणामुळे बोट पळते हे पाहणं, या दोन्हींवरून निर्णय घ्या. तीन आठवडे आधी तो जाहीर करा आणि मग त्याला हात लावू नका. आजारपण किंवा दुखापत सोडून.

जाहीर करण्याआधी, ज्याची निवड होणार नाही त्याला बाजूला घेऊन स्वतः सांगा. नोटीस बोर्डवरून किंवा ग्रुपवरच्या यादीतून त्याला कळता कामा नये. कारणही सांगा आणि ते आकड्यात सांगा: "अर्गोवर तू चौथ्याहून चार सेकंदांनी मागे आहेस आणि सीट रेसमध्येही तेच दिसलं." मूल रडेल. रडू द्या. मग राखीव खेळाडू म्हणून त्याचं काम काय, ते तिथेच ठरवून द्या: रोजचा सराव, प्रवास आणि बोटीच्या सामानाची जबाबदारी. राखीव मुलगा फक्त बाटल्या उचलणारा पोऱ्या झाला तर बोटीतल्या चौघांनाही दिसतं की या टीममध्ये हरलेल्याचं काय होतं, आणि ते भलत्याच दडपणाखाली येतात.

पायरी दुसरी : प्रत्येकाला त्याच्या सीटचं काम द्या

माक्स रिंगलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला, पण माणशी जोर कमी होत गेला. काही अंशी ताळमेळ न जमल्यामुळे, काही अंशी "माझ्या एकट्याने काय होतंय" या भावनेमुळे. बोटीतही हेच होतं. आठ जणांत एखादा अंग चोरतोय हे काठावरून पटकन कळतही नाही.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला असं काम द्यायचं जे दुसऱ्या कुणाचं नाही. बोटीच्या मागच्या टोकाला, स्ट्रोक सीटवर, बसणारा लय ठरवतो. त्याचं काम घाई न करणं. मधल्या सीटवर बहुधा दणकट मुलं असतात. त्यांनी पायाने ढकलण्याचा जोर कायम ठेवायचा. पुढच्या टोकाच्या बो सीटवरचा बोटीचा तोल राखतो आणि त्याच्या चुका लगेच जाणवतात, म्हणून तिथे हलक्या हाताचं, नेमकं वल्हं मारणारं मूल लागतं. कॉक्स, म्हणजे वल्हं न मारता बोट वळवणारा आणि हाका देणारा, असेल तर दिशा आणि आवाज त्याच्याकडे.

हे काम एका ओळीत लिहून काढायला लावा. मुलांच्याच शब्दांत, मराठीत, हवं तसं. तुम्ही दुरुस्त करू नका.

त्याच बैठकीत एकेकाला वेगळं गाठून विचारा की तो रोइंग का करतो. उत्तरं ऐकून चक्रावून जाल. एखादीला पाण्यावरची सकाळ आवडते. एखाद्याला दहावीचे क्रीडा सवलतीचे गुण हवे असतात. कुणाचा मोठा भाऊ आर्मीत जायचं स्वप्न बघतोय म्हणून हा इथे आलाय. कुणाचे मित्र इथे आहेत, एवढंच. यातलं कुठलंही कारण हलकं नाही. गुणांसाठी येणाऱ्या मुलाला "खेळ हा खेळासाठी खेळावा" असं ऐकवलंत तर तो पुढच्या वेळी खोटं बोलेल. कारण ऐका, लक्षात ठेवा. कंटाळा आलेल्या दिवशी त्याला त्याच्याच कारणाची आठवण करून द्यायची. शाळेच्या इभ्रतीची नव्हे.

पायरी तिसरी : शर्यतीचा आराखडा मुलांनी करायचा

इथे जास्त वेळ घालवा. एक अख्खी संध्याकाळ द्या. फळ्यावर दोन हजार मीटरची रेघ ओढा, तिचे पाचशे-पाचशेचे चार भाग करा आणि खडू मुलांच्या हातात द्या.

पहिल्या भागात सुरुवात: आधी अर्ध्या स्लाइडवर (सरकती सीट अर्धीच सरकवून), मग पाऊण, मग पूर्ण, असे चार-पाच छोटे स्ट्रोक आणि त्यानंतर पंधरा-वीस जलद. मग लय खाली आणायची. जलद स्ट्रोकनंतर रेट किती ठेवायचा, मिनिटाला तीस स्ट्रोक की चौतीस, हे सरावात जे जमलंय त्यावरून ठरवा. टीव्हीवर पाहिलेल्या ऑलिंपिकवाल्यांवरून ठरवायचं नाही.

मुलं हमखास म्हणतील, "सर, सुरुवातीलाच सगळ्यांना मागे टाकू." इथे थोडं विज्ञान सांगा, आवडतं त्यांना. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती साधारण घनाने. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती तीस टक्क्यांहून जास्त लावावी लागते. पहिल्या पाचशेत पाच सेकंद कमावले तर ती उसनवारी असते, आणि तिसऱ्या पाचशेत व्याजासकट फेडावी लागते. अर्गोवर एकदा मुद्दाम करून दाखवा: एक मुलगा ठरलेल्या गतीने हजार मीटर, दुसरा पहिले अडीचशे मीटर जीव तोडून. दुसऱ्याचा चेहरा शेवटच्या अडीचशेला पाहिला की तुम्हाला काही बोलावं लागत नाही. जोशाची भाषणं नुकसान करतात ती इथेच. पेटलेली मुलं पहिल्या पाचशेत सगळं उधळतात.

तिसरा भाग, म्हणजे हजार ते दीड हजार, सगळ्यात वाईट. सुरुवातीची धुंदी उतरलेली असते आणि शेवट अजून दिसत नसतो. बहुतेक शाळकरी टीम इथे ढेपाळतात. म्हणून आराखड्यात या भागासाठी आधीच काहीतरी ठेवून द्या: बरोबर हजारावर दहा जोरदार स्ट्रोक, बाराशेला फक्त पायांकडे लक्ष, चौदाशेला पुन्हा दहा. मेंदूला मोजायला काहीतरी मिळालं की तो तक्रार जरा कमी करतो. पंधराशेनंतर रेट हळूहळू चढवायचा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बांधलेल्या कोर्सवर, म्हणजे शर्यतीच्या आखीव मार्गावर, शेवटच्या अडीचशे मीटरला बोयांचा, म्हणजे लेन आखणाऱ्या तरंगत्या गोळ्यांचा, रंग बदलतो. तो रंग बाजूला दिसायला लागला की आराखडा संपला, मग जे उरलंय ते सगळं ओतायचं.

आता मागे पडल्यावर काय करायचं, ते. हे आराखड्यात लिहिलंच पाहिजे आणि त्याचा सरावही केला पाहिजे. दोन बोटी असतील तर आपली बोट मुद्दाम एका बोटीच्या लांबीइतकी मागून सोडा, आठवड्यातून दोनदा. मुलांनी बघायचं कुठे, हे ठरवून द्या: पुढच्याच्या मानेखालचा टी-शर्टचा एक ठिपका, किंवा आपल्या वल्ह्याने पाण्यात उमटलेला भोवरा. भोवरा खोल आणि स्वच्छ असेल तर स्ट्रोक बरा बसलाय. समोर प्रतिस्पर्धी दिसत नसतानाही आपलं काम ठीक चाललंय हे त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी कळण्याची ही एक जागा आहे.

क्रॅब लागला, म्हणजे वल्हं पाण्यात अडकून दांडा छातीवर आला, तर काय करायचं तेही लिहा. ज्याला लागला त्याने वल्हं सोडवायचं, बाकीच्यांनी थांबायचं की हलक्या हाताने चालू ठेवायचं ते कॉक्सच्या हाकेवर, आणि तीन मोजून पुन्हा लय. कुणीही सॉरी म्हणायचं नाही. सॉरी नंतर, जेट्टीवर.

कॉक्सची वही

ही वेगळी पायरी नाही, पण तिच्यासाठी थोडं थांबतो. कॉक्स असलेल्या बोटीत पाण्यावर बोलणारं माणूस एकच, आणि तुम्ही काठावर. शर्यत सुरू झाल्यावर रेडिओ किंवा फोनसारख्या साधनाने मुलांना सूचना देणं नियमात बसत नाही. म्हणजे तुमचं सगळं मोटिव्हेशन त्या आठवी-नववीतल्या चिमुकल्या पोराच्या किंवा पोरीच्या तोंडून जाणार.

तिला एक छोटी वही द्या. प्रत्येक वल्हवणाऱ्याने कॉक्सला सांगायचं, "मी मेलो असं वाटेल तेव्हा मला हे ऐकव." एका कॉक्सच्या वहीत मी वाचलेलं आठवतं ते असं: स्ट्रोकला 'लांब' म्हणायचं, तीन नंबरला 'पाय', दोन नंबरचं नाव अजिबात घ्यायचं नाही कारण नाव घेतलं की त्याला ओरडा बसल्यासारखं वाटतं, आणि बो सीटवाल्याला 'मस्त चाललंय' म्हणायचं, खोटं असलं तरी. चौघांना चार वेगळी औषधं. हे कुठलाही शिक्षक फळ्यासमोर उभा राहून देऊ शकत नाही.

कॉक्सला दोन गोष्टी बजावा. आकडे खरेच सांगायचे. तीनशे मीटर उरले असताना दोनशे म्हटलं तर मुलं एकदा फसतील, पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत. आणि अखंड किंचाळायचं नाही. पहिल्या हजारात नेहमीच्या आवाजात बोलली तर शेवटच्या अडीचशेतला ओरडा कामाला येतो. काही बोटींत कॉक्स पुढच्या टोकाला आडवी झोपलेली असते. तिला मुलं दिसत नाहीत, मग स्ट्रोकने मध्ये एखादा शब्द परत पाठवायचा अशी खूण ठरवा. कॉक्स नसलेल्या बोटीत ही हाक बो किंवा स्ट्रोक देतो, आणि ती दोन-तीन शब्दांहून लांब असू नये. त्याला श्वासही घ्यायचाय.

पायरी चौथी : शेवटचे दहा दिवस अंतर कमी, वेग तोच

कोच सरावाचं अंतर हळूहळू निम्म्यावर आणतील, पण जलद तुकडे चालू ठेवतील. थकवा उतरावा म्हणून हे करतात. मुलांना याचं कारण आधीच सांगा, कारण नेमकी याच दिवसांत ती बिथरतात. अंग जड वाटतं, काहींना उलट चुळबुळ होते, आणि "आपण आळशीपणा करतोय, समोरची टीम घाम गाळत असेल" अशी टोचणी लागते. मग एखादा पठ्ठ्या गुपचूप संध्याकाळी दहा किलोमीटर पळून येतो. "आता नवी ताकद येणार नाही, असलेली ताकद वर यायला वेळ द्यायचाय," एवढं वाक्य रोज म्हणा.

या दिवसांत नवं काही नको. नवे बूट, नवं तंत्र, यूट्यूबवर पाहिलेला नवा व्यायाम, काहीही नको. तळहातावरचे फोड फोडू नका, स्वच्छ आणि कोरडे ठेवा. झोप महत्त्वाची: तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास सांगितलेत. पहाटे साडेपाचला पाण्यावर यायचं तर रात्री अकराला गणिताचा क्लास चालणार नाही, हे पालकांशी बोलावं लागेल.

वजनाबद्दल एक सक्त सूचना. हलक्या गटात बसवण्यासाठी शाळकरी मुलाला उपाशी ठेवणं, घाम काढणं, पाणी तोडणं हे काहीही करू देऊ नका. कुणी सुचवलं तरी नाही. भुकेल्या, सुकलेल्या मुलाला कुठलंही मोटिव्हेशन लागू पडत नाही, आणि हे धोक्याचंही आहे.

पायरी पाचवी : पालक

पालकांचा उत्साह सांभाळणं मुलांपेक्षा अवघड. ग्रुपवर "सुवर्णपदक आपलंच" आणि ढालीचे फोटो यायला लागले की मुलांच्या पोटात गोळा येतो. एक छोटी बैठक घ्या, त्यांना कामं द्या: मूल वेळेवर झोपवणं, डबा, वेळेवर पोचवणं. अंदाज आणि तुलना ग्रुपवर नको, हे स्पष्ट सांगा. स्पर्धेच्या ठिकाणी येणार असतील तर शर्यत संपून मुलं बोट ठेवून येईपर्यंत जेट्टीकडे धावायचं नाही.

परीक्षा जवळ असेल तर शाळेशी आत्ताच बोलून ठेवा. चाचणी बुडाल्याची धाकधूक घेऊन पाण्यावर उतरलेलं मूल अर्धं शाळेतच असतं.

पायरी सहावी : अनोळखी पाणी ओळखीचं करा

राज्याबाहेरच्या स्पर्धा भोपाळच्या मोठ्या तलावावर, हैदराबादच्या हुसेनसागरावर, चंडीगडच्या सुखना तलावावर होतात. पुण्यात सीएमईच्या, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, कोर्सवरही राष्ट्रीय स्पर्धा झाल्यात. रोज नदीच्या अरुंद पात्रात किंवा धरणाच्या एका कोपऱ्यात सराव करणाऱ्या मुलांना सहा लेन आणि बोयांच्या रांगा पाहून धडकीच भरते. एक दिवस आधी पोचा. पहिला फेरा वेगासाठी नको. मुलांनी फक्त खुणा शोधायच्या. हजार मीटरला काठावर काय दिसतं? देऊळ, पाण्याची टाकी, झाड? वारा दुपारी कुठून येतो? आपला आराखडा त्या खुणांवर बसवा. "हजारावर दहा" ऐवजी "टाकीपाशी दहा" झालं की मुलांना तलाव आपला वाटायला लागतो.

सुरुवातीच्या जागेचा सराव करून घ्या. तिथे तराफ्यावर पालथा पडलेला माणूस बोटीचं मागचं टोक धरून ठेवतो. पहिल्यांदा मुलांना याची फार गंमत वाटते. दोन मिनिटं आधी पोचलं नाही तर ताकीद मिळते, आधी निघालं तरी ताकीद, आणि अशा दोन ताकिदी म्हणजे शर्यतीतून बाहेर. 'अटेन्शन', मग लाल दिवा, मग हिरवा. दिव्याऐवजी झेंडा असेल तर आधी विचारून घ्या. हा क्रम मुलांच्या कानात इतका बसवा की तिथे विचार करावा लागू नये.

सुरक्षिततेची उजळणी इथेच. प्रत्येकाला पोहता आलंच पाहिजे, बोट उलटली तर बोट सोडून काठाकडे पोहत जायचं नाही, तिलाच धरून राहायचं, आणि बोटीत बसवलेल्या बुटांच्या टाचेच्या दोऱ्या तपासायच्या, बोट उलटली तर पाय पटकन निघावा म्हणून त्या असतात. विजा चमकत असतील तर कुणाच्याही सांगण्यावरून पाण्यावर उतरायचं नाही. घाबरलेल्या मुलाला चढवून चढवून बोटीत बसवणं म्हणजे प्रेरणा नव्हे. त्याला आधी उथळ पाण्यात बोट उलटवून, बाहेर येऊन दाखवू द्या.

पायरी सातवी : आदली रात्र

बैठक पंधरा मिनिटांची. आराखडा मुलांनी म्हणून दाखवायचा, तुम्ही ऐकायचा. मग सामान: रिगरचे (वल्हं पेलणाऱ्या चौकटीचे) नट, पाना, बोटीच्या टोकावर लावायचा बो नंबर, टी-शर्ट, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. राखीव खेळाडूने यादी वाचायची. हात कामात असले की डोकं शांत राहतं.

फोन गोळा करायचे की नाही, हे मुलांना ठरवू द्या. मी पाहिलंय की ठरवायला सांगितलं तर ती स्वतःच दहाला बंद करतात आणि हिसकावले तर पांघरुणाखाली दुसरा निघतो.

झोप लागली नाही तरी बिघडत नाही, हे आवर्जून सांगा. एका रात्रीच्या अर्धवट झोपेने शर्यत जात नाही. "झोप लागली पाहिजे" या काळजीनेच ती उडते.

पायरी आठवी : सकाळ

शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी खाणं: पोहे, उपमा, केळं, पोळी आणि गूळ, जे घरी खातात तेच. नव्या गावातली झणझणीत मिसळ फायनल संपल्यावर.

मुलं जांभया देतील, सारखी बाथरूमला जातील, एखाद्याला उलटीसारखं होईल. हे भ्यालेपण नसून शरीर कामाला लागल्याची लक्षणं आहेत, असं त्यांना सांगा. "शांत हो" म्हणू नका. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये, गाणं, भाषण किंवा गणिताच्या परीक्षेआधी स्वतःला "मी उत्साहात आहे" असं म्हणणाऱ्यांची कामगिरी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधडतं हृदय शांत करणं कठीण, त्याला दुसरं नाव देणं सोपं. आमच्याकडची मुलं याला "इंजिन गरम झालं" म्हणतात, चालतं तेही.

जेट्टीवर तुमची दोन वाक्यं. पहिलं आराखड्याचं: "टाकीपर्यंत आपल्या गतीने." दुसरं कुठलंही, पण नेहमीचं. सरावाला रोज "चला, सांभाळून" म्हणत असाल तर आजही तेच म्हणा. आज अचानक तुम्ही डोळ्यांत पाणी आणून शाळेच्या इतिहासावर बोललात तर मुलांना एकच कळेल, की सर घाबरलेत.

पायरी नववी : हीट हरल्यावर

नव्या मार्गदर्शकाची खरी परीक्षा इथे. बऱ्याच स्पर्धांत हीटनंतर, म्हणजे पहिल्या फेरीनंतर, रेपेचेज असतं, म्हणजे हीटमध्ये थेट पुढे न गेलेल्यांना दुसरी संधी. त्या मधल्या वेळात टीम फुटू शकते. स्ट्रोक म्हणतो बोने तोल घालवला, बो म्हणतो कॉक्सने बोट वाकडी नेली.

तेव्हा हा क्रम ठेवा. आधी सावकाश वल्हवून अंग मोकळं करणं. मग बोट धुणं, पुसणं. मग खाणं आणि सावली. त्यानंतर अर्ध्या तासाने बोलणं, तेही एकाच प्रश्नावर: आराखड्यातलं काय झालं आणि काय झालं नाही? "कोणामुळे" हा शब्द वर्ज्य. एकच गोष्ट बदलायची ठरवा. तीन बदल ठरवलेत तर एकही होणार नाही.

या वेळी सांगायला एक खरी गोष्ट हाताशी ठेवा, आणि ती आपल्याच मातीतली आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, विहिरी खोदायचं काम केलेलं. लष्कराच्या खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाल्यावर रोइंग सुरू केलं तेव्हा त्यांना पाण्याची भीतीच वाटायची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याच्या बोटीत, तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पालेमबांगच्या जकाबारिंग तलावावर, आजारी अंगाने सिंगल स्कल्सची फायनल वल्हवताना ते शेवटचे आले. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत क्वाड्रपल स्कल्सच्या, म्हणजे चौघांच्या, बोटीत बसले आणि भारताने इंडोनेशिया, थायलंडला मागे टाकून सुवर्णपदक मिळवलं. काल शेवटचा आलेला माणूस आज बोटीत बसणार, यावर उरलेल्या तिघांनी कुरकुर केली असती तर? हा प्रश्न मुलांना विचारा आणि गप्प बसा. उत्तर त्यांनाच शोधू द्या.

आणखी एक सांगण्यासारखं आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तिथल्या विद्यापीठाच्या रोइंग खेळाडूंना मशीनवर कधी एकट्याने, कधी एका लयीत एकत्र वल्हवायला लावलं. मेहनत तेवढीच, पण एकत्र वल्हवल्यानंतर वेदना सोसण्याची त्यांची ताकद जास्त भरली. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. चौघांची लय जुळली की दुखणं खरोखर सुसह्य होतं. त्यामुळे रेपेचेजआधीचा वॉर्म-अप वेगाचा न ठेवता लयीचा ठेवा: डोळे मिटून वीस सावकाश स्ट्रोक, फक्त वल्ही एकत्र पाण्यात शिरल्याचा आवाज ऐकत.

शर्यतीनंतर

निकाल काहीही लागो, त्या दिवशी विश्लेषण नाही. बोट धुवा, ट्रेलरवर बांधा, सगळ्यांनी मिळून, जिंकलेल्या टीमनेही. मिसळीचं आश्वासन दिलं असेल तर पाळा.

तीन-चार दिवसांनी पुन्हा त्याच फळ्यापाशी बसा आणि ती दोन हजार मीटरची रेघ परत ओढा. कुठल्या पाचशेत काय झालं ते मुलं सांगतील, तुम्ही लिहून घ्या. कॉक्सच्या वहीत कुठला शब्द कामाला आला आणि कुठला नाही, तेही. ही पानं शाळेत फाइल करून ठेवा, कारण पुढच्या वर्षी ही टीम कदाचित दुसऱ्याच शिक्षकाकडे जाईल. आणि पुढच्या हंगामाची पहिली सीट रेस कधी घ्यायची ती तारीख त्याच बैठकीत ठरवा, राखीव मुलासमोर.